विचारा बिनधास्त: दहावीच्या वर्षी जग काय करत होतं?

रियुनियनचा सीझन आलाय असं दिसतंय, कारण या वेळी निम्म्याहून जास्त पत्रं एकाच विषयावर आहेत. आम्ही शाळा सोडली त्या वर्षी जगात काय चाललं होतं, ते सांगा. त्यातही ८९ वाल्यांनी तर उच्छाद मांडलाय, म्हणून आजचा जास्तीत जास्त कागद त्यांना देऊन टाकते, बाकीच्यांनी रागवू नये.

प्रश्न: ताई, आमची १९८९ ची दहावीची बॅच. गेट-टुगेदरला "तेव्हाचं जग" असं वीसेक मिनिटांचं प्रेझेंटेशन माझ्या गळ्यात मारलंय. ग्रुपवर फॉरवर्डचा पाऊस पडतोय, बर्लिनची भिंत, मंडेलांची सुटका, सोव्हिएत युनियन फुटलं, हबल दुर्बीण, सगळं म्हणे त्याच वर्षी. खरं काय यातलं? आणि सुरुवात कुठून करू?

आधी केर काढू. मंडेला सुटले ११ फेब्रुवारी १९९० ला. हबल अवकाशात गेली एप्रिल १९९० मध्ये. दोन्ही जर्मनी एक झाले ३ ऑक्टोबर १९९० ला आणि सोव्हिएत युनियन अधिकृतपणे संपलं ते डिसेंबर १९९१ मध्ये. म्हणजे तुमच्या चारातली एकच गोष्ट ८९ ची, भिंत, आणि तीसुद्धा तुम्ही शाळेतून बाहेर पडल्यावर आठ महिन्यांनी. हे फॉरवर्ड बनवणारे लोक "तेव्हाच्या आसपास" म्हणजे "तेव्हा" असं धरतात आणि मग सगळी खिचडी होते.

आता सुरुवातीचं. माझं स्पष्ट मत आहे की दहावीचं वर्ष म्हणजे १ जानेवारी ते ३१ डिसेंबर नव्हे. तुमचं वर्ष सुरू झालं जून ८८ ला आणि परीक्षेला संपलं मार्च ८९ ला. तेवढंच धरा, म्हणजे जग एकदम वेगळं दिसायला लागतं. तुम्ही वर्गात बसून प्रमेयं घोकत होतात त्या दिवसांत, २० ऑगस्ट ८८ ला, इराण आणि इराकमधली आठ वर्षांची लढाई थांबली. सप्टेंबरात सोलला ऑलिंपिक, तिथे बेन जॉन्सन १०० मीटर ९.७९ सेकंदात धावला आणि तीनच दिवसांत डोपिंगमुळे त्याचं मेडल काढून घेतलं. डिसेंबरच्या सुरुवातीला बेनझीर भुट्टो पाकिस्तानच्या पंतप्रधान झाल्या, मुस्लिमबहुल देशाच्या निवडून आलेल्या पहिल्या महिला पंतप्रधान. आणि मग ७ डिसेंबर, हा दिवस माझ्या मते तुमच्या वर्षाचा खरा दिवस. त्या दिवशी सोव्हिएत युनियनचे नेते गोर्बाचेव्ह न्यूयॉर्कला संयुक्त राष्ट्रांत उभे राहिले आणि म्हणाले की आम्ही आमचं सैन्य ५ लाखांनी कमी करतो, समोरच्यानं काही केलं नाही तरी करतो, आणि प्रत्येक देशाला आपला मार्ग निवडायचा हक्क आहे. त्याच दिवशी आर्मेनियात भयंकर भूकंप झाला, २५ हजारांहून जास्त माणसं गेली, गोर्बाचेव्ह दौरा अर्धवट टाकून परत गेले आणि त्या गडबडीत त्या भाषणाचं महत्त्व बऱ्याच लोकांच्या लक्षातच आलं नाही. पण पुढच्या नोव्हेंबरात जे झालं त्याची किल्ली त्या भाषणात होती, कारण पूर्व युरोपातल्या सरकारांना कळून चुकलं की आता मॉस्कोहून रणगाडे येणार नाहीत.

मग मार्च. तुम्ही पेपर लिहीत होतात तो महिना. हा महिना जगात इतका गच्च भरलेला होता की तुमचं अर्धं प्रेझेंटेशन त्यातच होईल. १२ मार्चची तारीख घ्या. जिनिव्हाजवळच्या सर्न या संशोधन संस्थेत टिम बर्नर्स-ली नावाच्या इंग्रज माणसानं आपल्या साहेबांकडे एक टिपण दिलं, की इथे हजारो लोक काम करतात, माहिती इकडेतिकडे विखुरलेली असते, माणूस सोडून गेला की माहितीही जाते, तर सगळे कागद एकमेकांना दुव्यांनी जोडूया. साहेबांनी, म्हणजे माइक सेंडॉल यांनी, त्यावर पेन्सिलनं शेरा मारला, साधारण असा की "धूसर आहे, पण भारी वाटतंय". झालं, वर्ल्ड वाइड वेबचा जन्म हा. पेपरात एक ओळ नाही. दुसऱ्या दिवशी, १३ मार्चला, सूर्यावरून आलेल्या चुंबकीय वादळानं कॅनडातल्या क्वेबेक प्रांताची वीज दीड मिनिटात झोपवली, साठ लाख लोक नऊ तास अंधारात. २३ मार्चला अमेरिकेत युटाला दोन शास्त्रज्ञांनी, मार्टिन फ्लाइशमन आणि स्टॅन्ली पॉन्स यांनी, प्रेस कॉन्फरन्स घेऊन सांगितलं की आम्ही टेबलावरच्या भांड्यात, साध्या तापमानाला अणुसंमीलन करून दाखवलंय, म्हणजे सूर्यात चालतं ते. जगभर हेडलाइन! फुकटात ऊर्जा मिळणार, तेलाचा प्रश्न मिटला! आणि गंमत बघा, दुसऱ्याच दिवशी, २४ मार्चला, अलास्काच्या किनाऱ्याला एक्सॉन वाल्डीझ हे तेलवाहू जहाज खडकावर चढलं आणि चार कोटी लिटरच्या आसपास कच्चं तेल समुद्रात गेलं. ते भांड्यातलं संमीलन मात्र दुसऱ्या कुठल्याच प्रयोगशाळेला नीट जमलं नाही, काही महिन्यांत विषय गुंडाळला गेला.

मी तुमच्या जागी असते तर स्लाइडवर ह्या दोनच गोष्टी शेजारी शेजारी ठेवल्या असत्या. एकीकडे गाजलेली, जिचं पुढे काही झालं नाही, आणि दुसरीकडे ते पेन्सिलच्या शेऱ्याचं टिपण. "तेव्हा काय गाजत होतं" आणि "तेव्हा काय घडत होतं" हे दोन वेगवेगळे प्रश्न आहेत, आणि सगळ्या फॉरवर्डमध्ये फक्त आज प्रसिद्ध असलेल्या गोष्टी मागे नेऊन चिकटवलेल्या असतात.

अजून एक, हेही त्याच महिन्यातलं. आपल्याकडे मतदानाचं वय २१ वरून १८ झालं ती ६१ वी घटनादुरुस्ती २८ मार्च १९८९ पासून लागू झाली. म्हणजे परीक्षा देताना तुम्हाला कुणी सांगितलं नाही, पण तुमची मतदानाची तीन वर्षं वाचली.

प्रश्न: मी पण ८९ चीच. माझी मैत्रीण शपथेवर सांगते की भिंत पडली तेव्हा आपल्या वर्गात चर्चा झाली होती, सरांनी नकाशा दाखवला होता. मी म्हणते शक्यच नाही. पैज लागलीये, निकाल द्या.

पैज तुम्ही जिंकलात. भिंत उघडली ९ नोव्हेंबर १९८९ च्या रात्री, तुम्ही तेव्हा अकरावीत. नकाशा कुणीतरी दाखवला असेल, पण तो वर्ग दुसरा. मैत्रिणीला फार चिडवू नका, मोठ्या बातम्यांच्या बाबतीत आठवण अशी जागा बदलतेच, बातमी खरी असते, भोवतीची खोली चुकीची.

पण विषय निघालाच आहे तर ती रात्र सांगते, कारण "भिंत पडली" म्हटलं की लोकांना वाटतं कुणीतरी मोठा निर्णय घेतला. निर्णय वगैरे काही नाही, घोळ झाला! उन्हाळाभर लोक पूर्व जर्मनीतून पळत होते, हंगेरीनं मे महिन्यात ऑस्ट्रियाच्या सीमेवरचं कुंपण काढायला सुरुवात केली होती आणि ११ सप्टेंबरपासून पूर्व जर्मन लोकांना सरळ जाऊ दिलं. ९ ऑक्टोबरला लाइपझिगमध्ये ७० हजार लोक रस्त्यावर उतरले आणि गोळीबार झाला नाही. सरकार घाबरलेलं. त्यांनी प्रवासाचे नवे नियम केले, दुसऱ्या दिवसापासून लागू करायचे, अर्ज करायचा, व्हिसा घ्यायचा, रीतसर. तो कागद पक्षाचे प्रवक्ते ग्युंटर शाबोव्स्की यांच्या हातात ऐन वेळी पडला, त्यांनी तो नीट वाचलाच नव्हता. संध्याकाळी सातच्या सुमाराला टीव्हीवर लाइव्ह चाललेल्या प्रेस कॉन्फरन्समध्ये कुणीतरी विचारलं, कधीपासून लागू? त्यांनी कागद उलटापालटा केला आणि म्हणाले, माझ्या माहितीप्रमाणे आत्तापासून, ताबडतोब. बस्स. हजारो लोक नाक्यांवर. बोर्नहोल्मर रस्त्याच्या नाक्यावरचा अधिकारी हाराल्ड येगर वरिष्ठांना फोनवर फोन करतोय, कुणी धड काही सांगत नाही, गर्दी वाढतेय, आणि शेवटी साडेअकराच्या आसपास त्यानं स्वतःच्या जबाबदारीवर फाटक उघडून टाकलं. पूर्व आणि पश्चिम बर्लिनच्या मधली, १९६१ पासून २८ वर्षं उभी असलेली भिंत अशी गेली.

आणि त्यानंतर सहाच दिवसांनी, १५ नोव्हेंबरला, कराचीत सचिन तेंडुलकर पहिल्या कसोटीत उतरला. वय १६, जन्म एप्रिल ७३ चा, म्हणजे तुमच्याच वर्गातला म्हणायला हरकत नाही. १५ रन काढल्या, वकारनं बोल्ड काढला, वकारचीही ती पहिलीच टेस्ट. मैत्रिणीला सांगा की हे आठवत असेल तर ते अकरावीतलं म्हणून आठव.

प्रश्न: नमस्कार ताई, मी सोळा वर्षांची आहे. माझे बाबा ८९ बॅचचे. ते म्हणतात आमच्या वेळी इंटरनेट नव्हतं. मी वाचलं की इंटरनेटची सुरुवात १९६९ ला झाली. मग बाबा चुकीचे ना?

तू बरोबर आहेस आणि बाबाही, आणि आता दोघं मिळून भांडण संपवा. १९६९ च्या ऑक्टोबरात अर्पानेट या अमेरिकन जाळ्यावर पहिला मेसेज गेला. १ जानेवारी १९८३ पासून त्या जाळ्यानं टीसीपी/आयपी ही बोलायची पद्धत घेतली, आजचं इंटरनेट त्याच पद्धतीवर चालतं. १९८९ पर्यंत जगभरात लाखभर कॉम्प्युटर त्याला जोडलेले होते, पण ते विद्यापीठांत, लॅबमध्ये, लष्कराकडे. शाळेतल्या पोराला त्याचा वाराही लागायचा नाही. मग बाबांना "नव्हतं" वाटणारच ना.

तुला आणखी मजेशीर सांगू? बाबा दहावीत असतानाच इंटरनेट पहिल्यांदा आजारी पडलं. २ नोव्हेंबर १९८८ ला रॉबर्ट मॉरिस नावाच्या विद्यार्थ्यानं एक प्रोग्रॅम सोडला जो स्वतःच्याच प्रती काढत सुटला, आणि जोडलेल्या मशीनपैकी अंदाजे दहा टक्के, म्हणजे सहाएक हजार, ठप्प झाली. जाळं इतकं छोटं होतं की ठप्प झालं तरी बहुतेक जगाला पत्ताच नाही.

तू ज्याला इंटरनेट म्हणतेस, म्हणजे लिंकवर टॅप करायचं आणि पान उघडायचं, ते वेब. त्याचं टिपण मार्च ८९ चं, पहिलं पान चालू झालं ९० च्या शेवटी, आणि ३० एप्रिल १९९३ ला सर्ननं ते सगळ्यांना फुकट वापरायला मोकळं केलं. ते मोकळं केलं नसतं तर तुझ्या फोनमध्ये आज काय असतं कुणास ठाऊक. फोनवरून आठवलं, तुझ्या मॅपमधला निळा ठिपका आहे ना, त्या जीपीएसचा प्रत्यक्ष वापरासाठीचा पहिला उपग्रह १४ फेब्रुवारी १९८९ ला सोडला, बाबांच्या परीक्षेच्या ऐन तोंडावर. आणि २१ एप्रिलला जपानमध्ये गेमबॉय आला, परीक्षा संपल्यासंपल्या, टायमिंग बघ.

बाबांना एक प्रश्न विचार माझ्याकडून: ऑक्टोबर ८९ मध्ये कॅस्पारोव्हनं डीप थॉट या कॉम्प्युटरला बुद्धिबळात दोन्ही डाव हरवलं, तेव्हा त्यांना काय वाटलं होतं, मशीन कधीतरी जिंकेल का? उत्तर द्यायला त्यांनी आठच वर्षं थांबायचं होतं, १९९७ ला त्याचाच पुढचा अवतार डीप ब्लू जिंकला.

प्रश्न: काहीही म्हणा, आमच्या वेळचं जग साधं होतं, शांत होतं, सुरक्षित होतं. हल्लीच्या पोरांना काय कळणार. हे तुम्ही छापा. (बॅच ८९, एक वैतागलेला वाचक)

छापलं. आता माझं ऐका.

शांत? ८९ मध्ये जगात ५० हजारांहून जास्त अण्वस्त्रं होती, तीन वर्षांपूर्वी तर ती ७० हजारांच्या आसपास होती. आज बाराएक हजार आहेत, तीही फार झाली, पण तुमचं "शांत" त्या ढिगावर बसलेलं होतं. ३ जूनला तेहरानमध्ये इराणचे सर्वोच्च नेते खोमेनी वारले, त्याच रात्री बीजिंगला तिआनआनमेन चौकात आणि आजूबाजूच्या रस्त्यांवर सैन्यानं विद्यार्थ्यांवर आणि लोकांवर गोळ्या झाडल्या, ती पोरं तुमच्यापेक्षा चार-पाच वर्षांनी मोठी. आणि ४ जूनलाच पोलंडमध्ये निवडणूक, जिथे सॉलिडॅरिटी या सरकारविरोधी कामगार संघटनेनं पुढे दोन फेऱ्या मिळून सिनेटच्या १०० पैकी ९९ जागा घेतल्या. ५ जूनचं जगातलं कुठलंही वर्तमानपत्र काढून बघा, संपादकाला पहिल्या पानावर काय घ्यायचं कळत नसणार.

सुरक्षित? दक्षिण आफ्रिकेत वर्णभेद कायद्यात लिहिलेला होता. पोलिओ जगात वर्षाला साडेतीन लाख मुलांना पांगळं करत होता, तो संपवायचा ठराव जागतिक आरोग्य परिषदेनं नुकताच, मे ८८ मध्ये केलेला. एड्सवर एझेडटी हे एकच मंजूर औषध होतं आणि तेही पुरत नव्हतं. पाच वर्षांखालची मुलं जगात वर्षाला सव्वा कोटीच्या आसपास दगावायची, २०२२ मध्ये तो आकडा ५० लाखांच्या खाली आला. हे सगळं तुम्हाला दिसत नव्हतं कारण तुम्ही पंधरा-सोळा वर्षांचे होतात, काळजी दुसरं कुणीतरी करत होतं. साधं होतं ते तुमचं वय.

पण एका बाबतीत तुमची बाजू घेते. हवेतला कार्बन डायऑक्साइड तेव्हा दहा लाखांत ३५३ भाग होता, आता ४२० च्या वर गेलाय, त्यामुळे हवामानाच्या बाबतीत "आमच्या वेळी बरं होतं" हे तुम्ही खुशाल म्हणा. मात्र जेम्स हॅन्सन यांनी अमेरिकन सिनेटपुढे तापमानवाढ सुरू झालीये असं स्पष्ट सांगितलं ते जून ८८ मध्ये, तुमची दहावीची शाळा सुरू होत होती तेव्हा. म्हणजे कळलं नव्हतं असं नाही. आणि ओझोनचं उलट झालं बघा, ओझोन खाणारी रसायनं कमी करायचा मॉन्ट्रियल करार १ जानेवारी १९८९ पासून लागू झाला, देशांनी तो बऱ्यापैकी पाळला, आणि ओझोनचा थर हळूहळू भरतोय. ही एक गोष्ट गेट-टुगेदरला नक्की सांगा, हल्लीच्या पोरांनाही आवडेल.

प्रश्न: सगळं ८९ चंच का? आमची २००४ ची बॅच, आमच्या वर्षात काहीच झालं नाही का?

झालं की. जानेवारीत स्पिरिट आणि ऑपॉर्च्युनिटी ह्या दोन गाड्या मंगळावर उतरल्या, ९० दिवसांच्या कामाला पाठवलेल्या, त्यातली ऑपॉर्च्युनिटी २०१८ पर्यंत चालली. फेब्रुवारीत फेसबुक एका कॉलेजपुरतं सुरू झालं, १ एप्रिलला जीमेल आलं आणि तारखेमुळे अनेकांना ती थाप वाटली, १ मेला युरोपियन युनियनमध्ये एकदम दहा देश शिरले, त्यातले आठ पूर्वीच्या कम्युनिस्ट पूर्व युरोपातले. २६ डिसेंबरला हिंदी महासागरातली त्सुनामी, दोन लाखांहून जास्त माणसं गेली. तुमच्या वर्षाबद्दल सविस्तर पुढच्या वेळी, पण फेसबुकच्या मथळ्याखाली सगळं वर्ष घालू नका, त्या वर्षी ते तुमच्यापैकी कुणीही वापरत नव्हतं.

प्रश्न: ताई, आम्ही २०२० वाले. आमच्याकडे सांगण्यासारखं काहीच नाही. शाळा बंद, निरोप समारंभ नाही, नीट फोटोसुद्धा नाहीत. आम्ही काय रियुनियन करणार?

अरे, तुमच्याकडे तर असं काही आहे जे मागच्या कुठल्याच बॅचकडे नाही! एप्रिल २०२० मध्ये युनेस्कोच्या हिशोबानं जगभरातले जवळजवळ १६० कोटी विद्यार्थी एकाच वेळी घरी होते, १९० हून जास्त देशांत. ८९ च्या पोरांचं बर्लिनच्या पोरांशी काही साम्य नव्हतं, तुमचं मात्र जवळपास सगळ्या देशांतल्या बॅचशी एकच आहे, निरोप समारंभ कुणाचाच झाला नाही.

आणि गाजलेलं सोडून घडलेलं बघायचं असेल तर नोव्हेंबर २०२० बघा. प्रथिनांची घडी कशी पडते हा पन्नास वर्षं अडलेला प्रश्न अल्फाफोल्ड नावाच्या प्रोग्रॅमनं एका स्पर्धेत बऱ्याच अंशी सोडवून दाखवला. बातमी आली, पण लशीच्या आणि अमेरिकन निवडणुकीच्या गदारोळात कुणाच्या लक्षात राहिली? त्या कामाला २०२४ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं.

तुम्हाला एकच काम सांगते आणि ते याच आठवड्यात करा. प्रत्येकानं, दुसऱ्याचं न वाचता, मार्च ते जून २०२० मधलं जे आठवतंय ते एका पानावर लिहा, तारखा आठवत असतील तर त्याही टाका, नसतील तर "साधारण" असं लिहा. त्या दिवसांतले व्हॉइस मेसेज, ऑनलाइन वर्गाचे स्क्रीनशॉट, शाळेकडून आलेल्या नोटिसा जुन्या फोनमध्ये पडल्या असतील तर काढून दोन ठिकाणी ठेवा आणि महत्त्वाचं ते छापून घ्या. फोटो नाहीत म्हणता, पण त्या वर्षीचे तुमच्या सगळ्यांचे चौकोनी चेहरे कुणाच्या तरी लॅपटॉपमध्ये आहेत, शोधा कुणाच्या ते.